हत्तीचं पृष्ठफळ, उजनीचं घनफळ

जुलै उजाडला की मराठी वर्तमानपत्रांत टीएमसीचे आकडे रोज पहिल्या पानावर येतात. कोयनेत किती, उजनीत किती, खडकवासला साखळीत किती. आकडे तोंडपाठ होतात, पण एक टीएमसी पाणी काही डोळ्यांपुढे उभं राहत नाही. ते उभं करायला एकच गुणाकार पुरतो. टीएमसी म्हणजे हजार दशलक्ष घनफूट, एकावर नऊ शून्यं. हजार गुणिले हजार गुणिले हजार केलं की नेमकी तेवढीच शून्यं येतात. म्हणजे हजार फूट लांब, हजार फूट रुंद आणि हजार फूट उंच असा पाण्याचा ठोकळा! हजार फूट म्हणजे ३०५ मीटर. १८८९ साली आयफेल टॉवर बांधून झाला, तेव्हा तो साधारण एवढाच उंच होता.

असे १०५ ठोकळे कोयनेत मावतात आणि ११७ उजनीत. उजनीतले ६३हून जास्त ठोकळे मृतसाठ्याचे आहेत. ‘उजनी शून्यावर’ अशी बातमी येते त्या दिवशीही हे सगळे ठोकळे धरणात असतात, आणि त्यानंतर साठा ‘मायनस’मध्ये जातो तो याच ठोकळ्यांतून.

आता विसर्गाचा हिशेब. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. धरणातून एक लाख क्युसेक सोडले की हजार फुटांचा एक अख्खा ठोकळा १० हजार सेकंदांत, म्हणजे जेमतेम पावणेतीन तासांत नदीत जातो. दिवसभरात बरोबर एक टीएमसी सोडायचं असेल तर ११ हजार ५७४ क्युसेक लागतात. हा आकडा लक्षात ठेवला तर विसर्गाची कुठलीही बातमी तोंडी सोडवता येते.

याच ठोकळ्यात आणखी एक मेख आहे. त्याचा वरचा पृष्ठभाग फक्त ९.३ हेक्टर. तेच एक टीएमसी पाणी १० मीटर खोलीच्या जलाशयात पसरलं तर २८३ हेक्टर व्यापतं. पाणी तेवढंच, पण उन्हाला तोंड देणारा भाग तीसपट. बाष्पीभवन पृष्ठभागावरून होतं, त्यामुळे उन्हाळ्यात उथळ तलाव आधी आटतो. साठवण घनफळाची, नुकसान पृष्ठफळाचं. घनफळ आणि पृष्ठफळ एकाच चालीनं वाढत नाहीत, आणि या विषयातल्या बहुतेक गमती तिथूनच निघतात.

गच्चीवर किती पडला?

पाऊस मिलिमीटरमध्ये मोजतात, पाणी लिटरमध्ये. दोघांची सांगड फार सुरेख बसते : एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तिथल्या १०० चौरस मीटरच्या एका गच्चीवर त्या दिवशी ९४ हजार ४०० लिटर पाणी पडलं. हजार लिटरच्या ९४ टाक्या भरून वर उरेल एवढं, आणि तेही एकाच इमारतीच्या डोक्यावर.

हत्तीला मोजपट्टी

केरळ कृषी विद्यापीठातल्या के. पी. श्रीकुमार आणि जी. निर्मलन या दोन संशोधकांनी भारतीय हत्तीचं एकूण पृष्ठफळ काढण्याचं सूत्र शोधलं. ‘आधी हसवणारं, मग विचार करायला लावणारं’ अशा संशोधनाला मिळणारं इग नोबेल पारितोषिक त्यांना २००२ साली गणितासाठी मिळालं. सूत्राला फक्त दोन मापं लागतात : खांद्यापर्यंतची उंची आणि पुढच्या पायाच्या तळव्याचा घेर, दोन्ही मीटरमध्ये. उंचीला ६.८०७नं गुणायचं, घेराला ७.०७३नं गुणायचं, दोन्हींची बेरीज करायची आणि तीतून ८.२४५ वजा करायचे. अडीच मीटर उंचीच्या आणि सव्वा मीटर घेराच्या हत्तीचं उत्तर येतं साडेसतरा चौरस मीटरच्या आसपास. मध्यम आकाराच्या एका खोलीच्या फरशीपेक्षाही जास्त कातडी!

हा खटाटोप कशासाठी? शरीरातली उष्णता कातडीतून बाहेर पडते आणि ती तयार होते आतल्या वजनात. सव्वापाच फुटी माणसाच्या वाट्याला किलोमागे साधारण २८० चौरस सेंटिमीटर कातडी येते. अडीच-तीन टनांच्या हत्तीला त्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाएवढीच मिळते. अंगातली उष्णता घालवायला हत्तीला म्हणूनच जादा पृष्ठभाग लागतो. निसर्गानं तो कानांच्या रूपात दिला आहे. सुपासारखे ते पातळ, रक्तवाहिन्यांनी भरलेले कान घनफळात जवळजवळ काहीच भर घालत नाहीत, पृष्ठफळात मात्र मोठी घालतात.

गॅलिलिओनं १६३८ साली छापलेल्या आपल्या शेवटच्या मोठ्या ग्रंथात याच गणितावरून हाडांचा प्रश्न सोडवला. प्राणी दुप्पट लांब, दुप्पट रुंद आणि दुप्पट उंच केला तर वजन आठपट होतं, पण हाडाचा छेद चौपटच होतो. प्रत्येक चौरस सेंटिमीटर हाडावर दुप्पट भार येतो. हरणाच्या आकाराचा हत्ती हरणाच्या पायांवर उभा राहील, पण हत्तीएवढं हरीण त्याच पायांवर कोसळेल. जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२६ साली याच विषयावर एक अप्रतिम निबंध लिहिला. हेच हाल्डेन १९५७ साली इंग्लंड सोडून भारतात आले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. आकारमानाच्या गणितावर इतकं रसाळ लिहिणारा शास्त्रज्ञ मी दुसरा वाचलेला नाही.

आजीचं टोपडं

हत्तीच्या उलट टोक म्हणजे तान्हं बाळ. तीन किलोच्या बाळाची कातडी साधारण ०.२ चौरस मीटर, म्हणजे किलोमागे मोठ्या माणसाच्या दुपटीहून जास्त. तेवढ्याच वेगानं बाळ गारठतं. त्यात बाळाच्या डोक्याचा वाटा त्याच्या एकूण पृष्ठफळाच्या पाचव्या हिश्शाच्या जवळपास असतो. मोठ्या माणसात तो दहाव्या हिश्शाहूनही कमी भरतो. दुपट्यात गुंडाळण्याआधी आजी टोपडं का शोधते, त्याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे.

डॉक्टरांनाही आपलं पृष्ठफळ लागतं. कर्करोगावरच्या अनेक औषधांचा डोस चौरस मीटरमागे ठरतो. त्यासाठी १९८७ पासून वापरात असलेलं एक सुटसुटीत सूत्र असं : सेंटिमीटरमधली उंची गुणिले किलोमधलं वजन, भागिले ३६००, आणि आलेल्या उत्तराचं वर्गमूळ. समजा, एका बाईंची उंची १५०, वजन ५४. गुणाकार ८१००, भागाकार सव्वादोन, वर्गमूळ दीड. म्हणजे या बाईंची त्वचा दीड चौरस मीटर. तुमचं काढून पाहा, एका मिनिटाचं काम आहे.

आणि आतली बाजू? दोन्ही फुप्फुसांत मिळून सहा लिटरच्या आसपास हवा मावते. सहा लिटरच्या साध्या गोळ्याचं पृष्ठफळ ०.१६ चौरस मीटर भरतं. पण फुप्फुसांत कोट्यवधी वायुकोश असल्यामुळे तिथला पृष्ठभाग ७० चौरस मीटरच्या घरात जातो. एकेरी बॅडमिंटनचं अख्खं कोर्ट प्रत्येकाच्या छातीत घडी घालून ठेवलेलं आहे.

चाळीसगावचं देणं

चाळीसगावजवळ पाटण नावाचं गाव आहे, पाटणादेवीचं. तिथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं तेराव्या शतकाच्या सुरुवातीला आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. त्याचा शिलालेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. भास्कराचार्यांची ‘लीलावती’ ११५० सालची. तिच्यात खड्डे खणण्याचं, विटांच्या रचनेचं आणि लाकूड करवतण्याचं गणित आहे, आणि एक प्रकरण चक्क धान्याच्या राशीवर आहे. मला ‘लीलावती’त सगळ्यांत आवडतं ते हेच.

खळ्यावर धान्य ओतलं की त्याची रास शंकूची होते. ती मोजायची कशी? तराजू नको, पायली नको. राशीच्या पायथ्याला दोरी गुंडाळून घेर मोजा. घेराचा सहावा हिस्सा काढा, त्याचा वर्ग करा आणि उंचीनं गुणा. झालं घनफळ. रास मोडायची गरज नाही, की तिच्या पोटात शिरून त्रिज्या मोजायची गरज नाही.

आणि उंची मोजायला काठी नसेल तर? भास्कराचार्यांनी तेही सांगून ठेवलंय : जाड्या धान्याची उंची घेराच्या दहाव्या हिश्शाएवढी, बारीक धान्याची अकराव्या हिश्शाएवढी, आणि कुसळाच्या धान्याची, म्हणजे भातासारख्याची, नवव्या हिश्शाएवढी. बारीक दाणा घसरतो, म्हणून रास बसकी होते. कुसळं एकमेकांत अडकतात, म्हणून रास चढी राहते. आजचे अभियंते याला धान्याचा विश्रांतिकोन म्हणतात आणि कोठारांचे उतार त्यावरून ठरवतात. भास्कराचार्यांच्या तीन अपूर्णांकांतून हे कोन अनुक्रमे ३२, ३० आणि ३५ अंशांच्या आसपास निघतात. दाण्याचा स्वभाव एका अपूर्णांकात पकडणारा माणूस खळ्यावर बसून निरखणारा असला पाहिजे.

त्यांचंच उदाहरण घेऊ. घेर ६० हात, धान्य जाडं. उंची सहा हात, घेराचा सहावा हिस्सा दहा, त्याचा वर्ग शंभर, म्हणून घनफळ ६०० घनहात. तेवढ्याच घेराची कुसळाच्या धान्याची रास भरते ६६६ पूर्णांक दोन तृतीयांश, आणि बारीक धान्याची ५४५ पूर्णांक पाच अकरांश.

दहावीतल्या सूत्राशी ताडून पाहू. शंकूचं घनफळ म्हणजे त्रिज्येचा वर्ग गुणिले पाय गुणिले उंची, भागिले तीन. त्रिज्येच्या जागी घेर घातला की तेच होतं : घेराचा वर्ग गुणिले उंची, भागिले ३७.७. भास्कराचार्य ३७.७च्या जागी ३६ घेतात, कारण सहाचा वर्ग तोंडी येतो. फरक पाच टक्क्यांच्या आत. पायची किंमत त्यांना ठाऊक नव्हती असं अजिबात नाही. त्याच ग्रंथात बावीस सप्तमांश आहे आणि त्याहून सूक्ष्म ३९२७ भागिले १२५० सुद्धा आहे. खळ्यावरच्या शेतकऱ्याला किती सूक्ष्मता लागते आणि ज्योतिष्याला किती, याची त्यांना नेमकी जाण होती.

याहून बहारीचा भाग पुढे आहे. रास भिंतीला टेकून घातली असेल तर? कोपऱ्यात असेल तर? घराच्या बाहेरच्या कोपऱ्याला वळसा घालून पसरली असेल तर? भिंतीची रास अर्धी, आतल्या कोपऱ्यातली पाव, बाहेरच्या कोपऱ्यातली पाऊण. म्हणून दिसणाऱ्या घेराला अनुक्रमे दोन, चार आणि एक पूर्णांक एक तृतीयांशनं गुणून आधी पूर्ण रास मनात उभी करायची, तिचं घनफळ काढायचं आणि ज्या संख्येनं गुणलं तिनंच भागायचं. शाळेत शंकू शिकवताना ही तीन गणितं घातली तर तो धडा पोरांच्या कायम लक्षात राहील.

यंदा सोयाबीनवर करून पाहा. घेर सहा मीटर आणि उंची ६० सेंटिमीटर भरली तर लीलावतीच्या रीतीनं ०.६ घनमीटर, काटेकोर सूत्रानं ०.५७. सोयाबीन घनमीटरला साधारण साडेसातशे किलो भरतं, म्हणजे राशीत चार क्विंटलच्या वर माल आहे. आणि दोरी दुप्पट लागली तर माल दुप्पट नसतो. उतार तोच राहत असल्यामुळे उंचीही दुप्पट होते आणि माल आठपट भरतो.

गोल : चुकलेला आणि जुळलेला

गोलाचं घनफळ भल्याभल्यांना चकवून गेलं आहे. आर्यभटांनी ४९९ साली दिलेला नियम असा होता : वर्तुळाच्या क्षेत्रफळाला त्याच्याच वर्गमूळानं गुणा. उत्तर खऱ्यापेक्षा जवळजवळ एक तृतीयांशानं जास्त येतं. साडेसहाशे वर्षांनी भास्कराचार्यांच्या ग्रंथात नियम अचूक दिसतो : गोलाचं पृष्ठफळ त्याच्या मधल्या वर्तुळाच्या चौपट, आणि घनफळ म्हणजे पृष्ठफळ गुणिले व्यास, भागिले सहा. नियमामागची कल्पनाही त्यांनी दिली आहे. आवळ्यावर जशा वरून खाली रेषा असतात, तशा गोलावर आखा. प्रत्येक फाक मोजा. मग घनफळासाठी गोलाच्या पृष्ठावरच्या प्रत्येक इवल्या चौकोनापासून केंद्रापर्यंत एकेक सुई आत गेली आहे असं समजा. प्रत्येक सुईचं घनफळ पाया गुणिले त्रिज्या, भागिले तीन. सगळ्या सुया मिळवल्या की गोल. कॅल्क्युलसचं बी इथं स्वच्छ दिसतं.

ग्रीकांत हे काम आर्किमिडीजचं. गोल बरोबर मावेल असा वृत्तचितीचा डबा घ्या : गोलाचं घनफळ डब्याच्या दोन तृतीयांश, आणि पृष्ठफळही, झाकण-बूड धरून, दोन तृतीयांशच! त्याच डब्यात बसणारा शंकू घेतला तर शंकू, गोल आणि डबा यांच्या घनफळांचं प्रमाण येतं एकास दोनास तीन. आर्किमिडीजला हा शोध इतका प्रिय होता, की त्याच्या समाधीवर गोल आणि वृत्तचिती कोरली होती. इसवी सनापूर्वी २१२ मध्ये तो मारला गेला. रोमन वक्ता सिसेरो इसवी सनापूर्वी ७५ मध्ये सिसिलीत अधिकारी होता. सिराक्यूजच्या वेशीबाहेर काटेरी झुडपांत त्याला एका खांबाचं टोक दिसलं. त्यावर तेच दोन आकार होते, आणि समाधी सापडली. आज गणितातल्या फील्ड्स पदकावर आर्किमिडीजचा चेहरा आहे आणि मागच्या बाजूला हाच गोल व वृत्तचिती आहे. मंजुल भार्गव यांना २०१४ मध्ये आणि अक्षय वेंकटेश यांना २०१८ मध्ये ते पदक मिळालं.

आर्किमिडीजच्या याच शोधातून निघणारी एक गोष्ट ताटात करून बघण्याजोगी आहे. मोसंबीच्या सारख्या जाडीच्या चकत्या कापा. मधली चकती मोठी, टोकाची छोटी. पण साल सगळ्यांवर सारखीच! टोकाची चकती अरुंद असते खरी, पण तिथे साल तिरकी होत जाते आणि कमी पडलेलं भरून काढते. हेच पृथ्वीला लावा. ३० अंश उत्तर ते ३० अंश दक्षिण या पट्ट्याची जाडी पृथ्वीच्या व्यासाच्या बरोबर निम्मी. म्हणून पृथ्वीचा निम्मा पृष्ठभाग या पट्ट्यात येतो. अख्खा महाराष्ट्र आणि गोवा त्यात आहेत, दिल्लीही आहे. देहरादून थोडक्यात बाहेर राहतं.

झटपट

कलिंगड घेताना मोठं घ्या. २० सेंटिमीटर व्यासाच्या दोन फळांएवढा ऐवज २५ सेंटिमीटरच्या एकातच असतो. शिवाय साल दीड सेंटिमीटर धरली तर लहान फळाचा ३९ टक्के भाग सालीत जातो, मोठ्याचा ३२.

जुनं माप : दोन मापटी म्हणजे शेर, चार शेर म्हणजे पायली. म्हणजे आठ मापट्यांची एक पायली. घडण तीच ठेवली तर पायली मापट्याच्या फक्त दुप्पट उंच आणि दुप्पट रुंद निघते. आठपट धान्याला दुप्पट माप पुरतं.

एक तोळा शुद्ध सोन्याचा घन केला तर बाजू साडेआठ मिलिमीटरच भरते. जगात आजवर खणलेलं सगळं सोनं एकत्र केलं तरी २२ मीटर बाजूच्या घनात बसतं, म्हणजे जेमतेम सातमजली इमारत.

गोल मणी घ्या आणि आरपार भोक पाडा, असं की उरलेल्या कड्याची उंची सहा सेंटिमीटर राहील. उरलेलं घनफळ ११३ घनसेंटिमीटर. मणी मोसंबीएवढा असो, भोपळ्याएवढा असो, की पृथ्वीएवढा असो, उत्तर तेच! मोठ्या गोलाचं कडं पातळ पण लांब, लहानाचं जाड पण आखूड. दोन्ही तंतोतंत जुळतात.

सतराव्या शतकात टॉरिचेलीनं एक तुतारी शोधली. कागदावरच बरं का. ती अनंतापर्यंत निमुळती होत जाते. तिचं घनफळ मर्यादित, पृष्ठफळ अमर्याद. गणिताच्या हिशेबानं ती रंगानं काठोकाठ भरता येते, पण तिला बाहेरून रंग द्यायला बसलात तर रंग कधीच पुरत नाही.

लाडू किंवा मोसंबी रचताना वरच्या थरातलं फळ खालच्या तिघांच्या खोबणीत बसवतात. या रचनेत ७४ टक्के जागा भरते. याहून दाट रचना नाही, असं केप्लरनं १६११ मध्ये म्हटलं. सिद्धता थॉमस हेल्स यांनी १९९८ मध्ये जाहीर केली आणि ती संगणकानं ओळ न् ओळ तपासून व्हायला २०१४ उजाडलं. फळवाल्यांची रचना चारशे वर्षांनी सिद्ध झाली.

हाच केप्लर १६१३ मध्ये लिन्झला दुसऱ्या लग्नासाठी द्राक्षमद्याची पिंपं घेत होता. व्यापारी पिंपाच्या मधल्या भोकातून काठी तिरकी घालायचा, ती बुडाच्या कडेला टेकली की भिजलेली लांबी बघायचा आणि दाम सांगायचा. लांबट पिंपाचीही लांबी तीच भरेल, मग भाव सारखाच कसा? केप्लर हिशेबाला बसला आणि १६१५ मध्ये पिंपांच्या घनफळावर पुस्तक छापून मोकळा झाला. त्याचा निकाल व्यापाऱ्याच्या बाजूनं गेला. ऑस्ट्रियातली पिंपं ज्या मापाची बनत, त्या मापाच्या जवळपास दिलेल्या लांबीत सर्वांत जास्त पेय मावतं, आणि तिथे माप थोडं इकडेतिकडे झालं तरी फरक नगण्य राहतो.

ब्रासचं गणित

महाराष्ट्रात ज्यानं ज्यानं घर बांधलंय त्याला हे गणित चुकलेलं नाही. वाळू, खडी, मुरूम सगळं ब्रासवर मिळतं. ब्रास म्हणजे १०० घनफूट. आणि प्लास्टर किंवा स्लॅबचा भाव निघतो तेव्हा तोच ब्रास १०० चौरस फूट होतो. एकाच शब्दात घनफळ आणि पृष्ठफळ दोन्ही नांदतात, म्हणून बिल हातात आलं की आधी विचारा : हा ब्रास मालाचा, की कामाचा?

दहा फूट लांब, पाच फूट रुंद, दोन फूट उंच ट्रॉली आतून सपाट भरली की बरोबर एक ब्रास. डंपरचा हौदा वर रुंद आणि खाली अरुंद असेल तर वरचंच माप धरू नका. तो शंकूछेदाचा भाऊबंद आहे, आणि तसलं गणित माणूस फार पूर्वीपासून करतोय. मॉस्कोत ठेवलेल्या सुमारे इसवी सनापूर्वी १८५० च्या एका इजिप्शियन पपायरसवर वरून छाटलेल्या पिरॅमिडचं घनफळ काढलेलं आहे : खाली बाजू चार, वर दोन, उंची सहा. रीत अशी : चारचा वर्ग, चार दुणे आठ आणि दोनचा वर्ग यांची बेरीज २८, तिला उंचीच्या तिसऱ्या हिश्शानं, म्हणजे दोननं गुणा, उत्तर ५६. पूर्ण बरोबर. नुसती वरची-खालची सरासरी बाजू घेतली असती तर ५४ आले असते.

खरी मेख ओलसर वाळूत आहे. दाण्यांभोवती पाण्याचा पातळ थर बसला की दाणे एकमेकांपासून दूर सरकतात आणि वाळू फुगते. वजनानं थोडंसंच पाणी पुरतं, आणि घनफळ वीस-तीस टक्क्यांनी वाढू शकतं. बारीक वाळूत त्याहूनही जास्त. पूर्ण पाण्यात बुडवली की तीच वाळू पुन्हा खाली बसते. तपासायला एक सरळ उभा डबा पुरतो. त्यात ओलसर वाळू २० सेंटिमीटर भरा, वर पाणी ओता, सळईनं ढवळा, स्थिरावू द्या. वाळू १६ सेंटिमीटरवर बसली तर ती २५ टक्के फुगलेली होती. तुम्ही मोजून घेतलेल्या १०० घनफुटांत कोरडी वाळू ८० घनफूटच आहे, आणि मिस्त्री ओलसर वाळूच्या घमेल्यांनी प्रमाण धरत असेल तर काँक्रीटमध्येही वाळू तेवढीच कमी पडते.

म्हणून वाळू दारात आली की ट्रॉली उलटण्याआधी टेप लावा. आतली लांबी, आतली रुंदी, आतली उंची, तिघांचा गुणाकार, भागिले शंभर. आणि वाळू ओलसर लागली तर डब्याची परीक्षा ट्रॅक्टरवाल्यासमोरच करा. एकदा ढीग जमिनीवर पडला की मग फक्त भास्कराचार्यांची दोरी उरते.